बुधवारचे डबे

आमच्या छपरीतल्या, म्हणजे पडवीतल्या, लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या फळीवर, कोंबडीच्या सुपाचे दोन डबे कायम असतात. पुठ्ठ्याचे, लिटरभराचे, ज्यूसच्या डब्यासारखे दिसणारे. एक संपला की मी लगेच दुसरा मागवते. कोपरा कापायचा, गंजात, म्हणजे पातेल्यात, ओतायचं, उकळी आणायची, झालं. दुकानासमोरची रविवारची रांग नाही, पिसं नाहीत, हाडं नाहीत. कुणाला ताप आला, कुणाची दाढ काढली, मुलगी पुण्याहून घसा बसवून घेऊन आली, की मी आधी त्या फळीपाशी जाते आणि मग डॉक्टरकडे.

हे ऐकून ऑफिसातल्या एकीने नाक मुरडलं होतं. म्हणाली, "डब्यातलं काय व? हातची चव वेगळीच असते." असते ना, मी कुठे नाही म्हणते? पण ज्या हातांना साडेनऊला स्कूटी काढून आमच्या कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडायचा असतो, भंडाऱ्यात दिवसभर फायली उपसायच्या असतात आणि सहाला येऊन पुन्हा कणीक भिजवायची असते, त्या हातांना चवीशिवाय दुसरीही कामं असतात. हे मी तिला तोंडावर सांगितलं. माझा स्वभावच तसा आहे. गोष्ट पोटात ठेवली की मला पित्त होतं.

एकच गोष्ट मी सहा आठवडे पोटात ठेवली होती. ती या डब्यांचीच.

आधी घर सांगते, म्हणजे त्या गोष्टीचा ताण कळेल. नवरा नोकरीला गडचिरोलीत, रविवारपुरता येतो. मुलगी पुण्यात. घरात आम्ही तिघं, मी आणि सासू-सासरे. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते, सासूबाईंना आई. आईंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ती त्या नवरी होऊन आल्या तेव्हापासूनची. मांस-मच्छीला त्यांचं बोटही लागत नाही. मामाजींना मात्र कोंबडीशिवाय रविवार कळत नाही.

या दोघांनी भांडण न करता एक तोडगा काढला होता, माझ्या जन्माच्याही आधी. कोंबडी घरात शिजणार नाही. घरामागच्या सांदवाडीत तीन दगडांची चूल, तिच्यावर जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक गंज, पार काळा झालेला. तो गंज बाहेरच्या भिंतीवर खुंटीला टांगलेला असायचा आणि उंबरा ओलांडून कधी आत यायचा नाही. रांधणार मामाजी. सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी आणि चतुर्थी वर्ज्य, त्या दिवशी ना मारायचं, ना रांधायचं. माझ्या माहेरी भंडाऱ्यात कोंबडी कुकरमध्ये, गॅसवर व्हायची, शिट्ट्या मोजून. त्यामुळे सुरुवातीला मला हे सगळं फार सोंगाचं वाटायचं.

मग एका रविवारी मी नीट पाहिलं. मामाजी चुलीपाशी, आणि आई आत, मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, चुलीकडे पाठ करून तांदूळ निवडत बसलेल्या. मान वळत नव्हती, पण तोंड चालू होतं. "लसून जळून राह्यला जी." मामाजी जाळ कमी करत. "कांदा कच्चा हाये अजून, घाई कायले करता?" मामाजी झारा फिरवत. "आता पानी टाका." ते पाणी टाकत. पन्नास वर्षांत या बाईने कोंबडीचा रस्सा एकदाही चाखला नव्हता, आणि तरी तो दर रविवारी तिनेच रांधला होता, नुसत्या वासावर. मामाजींना एकट्याने मीठसुद्धा नीट पडत नसे.

दोन वर्षांपूर्वी, धान घरात येण्याच्या दिवसांत, मामाजींना न्यूमोनिया झाला. आठ दिवस दवाखान्यात काढले. ताप गेला, खोकला गेला आणि जाताना जेवणही घेऊन गेला. भात कडू, दूध कडू, मोसंबी कडू. दोन चमचे पेज गेली तरी आम्ही एकमेकींकडे पाहायचो. गालाची हाडं वर आली, मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं.

बुधवारी दाखवायला नेलं. डॉक्टरांनी वजन केलं आणि चष्मा काढला. म्हणाले, "काहीही करा, यांच्या पोटात गेलं पाहिजे. चिकन सूप द्या. सोमवारी परत आणा. वजन अजून उतरलं तर भरती करून नाकातून नळी टाकावी लागेल."

 परतीच्या ऑटोत पूल आला तसे मामाजी म्हणाले, "नळीच लावाची असंल तं मले इथंच उतरून द्या."

आई शेजारी बसल्या होत्या. त्यांनी मामाजींच्या सदऱ्याची बाही मुठीत धरली आणि घर येईपर्यंत सोडली नाही. मी या घरात आल्यापासूनचं त्यांचं हे पहिलंच गप्प बसणं होतं. मला त्या नळीपेक्षा त्या मुठीची जास्त भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी स्वतः सूप करायला घेतलं. बुधवार होता, चालत होतं. कोंबडी आणली, गंज खुंटीवरून काढला, चूल पेटवली. पण आई आत मामाजींची पाठ चोळत होत्या आणि मला उंबऱ्यावरून ओरडणारं कुणी नव्हतं. मी घाबरून तेल जास्त टाकलं, मसालाही टाकला. वर बोटभर तवंग आला. वाटी जवळ नेताच मामाजींनी मान फिरवली आणि होतं नव्हतं ते पित्त ओकून टाकलं. मी वाटी घेऊन परत आले आणि तो सगळा गंज कडुलिंबाच्या बुडाशी ओतला. मला स्वतःचा इतका राग आला होता की मी जेवलेच नाही.

आता पुढचे दिवस मोजा. गुरुवार नाही. शुक्रवारी एकादशी, नाही. शनिवार मारुतीचा, नाही. एक रविवार हातात, आणि सोमवारी डॉक्टर. मी म्हटलं, "आई, आजारी माणसाले कायचा वार?" त्या म्हणाल्या, "याच घरात पन्नास वर्सं पाळलं, म्हनून तं थे दवाखान्यातून परत आले." माणूस घाबरला की नेम घट्ट धरतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं. मी फक्त चिडले होते.

रात्री मुलीला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तयार मिळतं की ते. साधं, बिनतेलाचं, बिनमसाल्याचं. सहा डबे पाठवते." मी म्हटलं, पाठव, निदान रविवारी तरी कामी येतील.

पार्सल शुक्रवारीच आलं. मी ऑफिसातून पोचले तेव्हा ते छपरीत फोडून ठेवलेलं होतं, सहा डबे खाटेवर ओळीने मांडलेले, आणि समोर आई, डोळ्यांवर चष्मा. एकादशीचा उपास होता त्यांचा.

"हे सूप हाये का व?"

"हो जी. रविवारी देऊ."

"रविवारी कायले?" आई म्हणाल्या. "सकाळपासून थे दोन घोट पान्यावर हायेत." मग डब्याकडे बोट करून त्यांनी जे काही मांडलं, ते एखाद्या वकिलालाही जमलं नसतं. "हे आज मारलं नाही. आज आपल्या घरी रांधलं नाही. रांधलेलं गरम करनं म्हंजे रांधनं नाही. हाये का नाही?"

"हाये जी," मी म्हटलं. मी कशाला नाही म्हणू?

"मंग मारलं कवा, तेवढं पाह्य. छापलं असंल नं त्याच्यावर. वार कोनता होता थे सांग."

मी डबा उचलला. वरच्या बाजूला तारीख होती, तीन महिन्यांपूर्वीची. डबा घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. कॅलेंडर खिळ्याला होतं, त्याच महिन्याचं पान वर होतं. मी बोट फिरवत त्या चौकोनाशी आले. शनिवार. आणि शनिवारच्या खाली बारीक अक्षरात एकादशी.

इतके दिवस असताना त्या कारखान्याला नेमका हाच सापडावा! आतल्या खोलीतून मामाजींचा खोकला आला, कोरडा, दम नसलेला.

"सापडला का व?" आईंनी छपरीतून विचारलं.

"बुधवार जी," मी म्हटलं.

खोटं मी आयुष्यात बोललेच नाही असं नाही, सरकारी ऑफिसात नोकरी करते. पण देवाधर्माच्या बाबतीत आईंशी नाही. माझा आवाज मलाच परका वाटला. त्या मात्र म्हणाल्या, "बुधवार नं? मंग लाव चूल."

सांदवाडीत मी गंज चढवला, डब्याचा कोपरा कापून ओतलं. उकळी आली तरी वास म्हणून नाही. आई उंबऱ्याशी येऊन बसल्या होत्या, पाठ करून, रोजच्या जागी.

"काहीच येऊन नाही राह्यलं," त्या म्हणाल्या. "हे तं कोमट पान्याचा वास हाये. थे तोंड नाही लावनार. लसून ठेच चार पाकळ्या, सालासकट."

"आई, मंग हे रांधनं नाही होनार का जी?"

"हे रांधनं नाही, दुरुस्त करनं हाये. टाक."

मी लसूण टाकला. त्या नाक वर करून थांबल्या. मग बोटाएवढं आलं. मग दहा मिरे, "चेचून, बारीक नको." मग सांबाराच्या काड्या. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. "पानं नको, नुसत्या काड्या. थे काड्याच टाकतेत." मला हे कधी माहीतच नव्हतं. इतके रविवार मी तो रस्सा खाल्ला होता.

"आता जाळ काढ. झाकन ठेव. थांब." आम्ही दोघी थांबलो. मग त्यांनी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "आला."

मलाही आला. रविवारचा वास होता तो, दुपारी बाराचा. मी एकादशी करत नाही, पण त्या दिवशी मी चाखलं नाही. कॅलेंडरचा तो चौकोन डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्यामुळे ते सूप कुणीच न चाखता तयार झालं.

वाटी घेऊन मी मामाजींकडे गेले. त्यांनी ओठ मिटून घेतले. पोरासारखे, घट्ट. मी चमचा पुढे केला, तो गादीवर सांडला. दुसऱ्यांदा केला, त्यांनी हाताने बाजूला सारला. मला रडू यायच्या बेतात होतं.

तेवढ्यात आईंनी माझ्या हातातून वाटी घेतली. जिने आयुष्यात त्या गंजाला बोट लावलं नाही तिने, एकादशीच्या दिवशी, वाटी हातात घेतली. त्या खाटेवर बसल्या आणि म्हणाल्या, "वास तं घ्या जी."

मामाजींनी वास घेतला. डोळे उघडले. आईंच्या हाताकडे पाहिलं, मग वाटीकडे, मग पुन्हा हाताकडे. आणि तोंड उघडलं. एक चमचा. दुसरा. पाचव्या चमच्याला मी मोजणं सोडून दिलं. वाटी संपल्यावर त्यांनी ओठ चाटले आणि ऑटोतल्या त्या बोलण्यानंतर पहिल्यांदा पूर्ण वाक्य बोलले.

"मीठ कमी हाये व."

जीव भांड्यात पडणं म्हणतात ते काय असतं हे मला तेव्हा कळलं. माणूस मिठावरून कुरकुर करतोय म्हणजे माणूस आहे! मी मागे जाऊन गंज घासायला बसले आणि घासता घासता मोठ्याने हसले. आई न्हाणीत गेल्या होत्या. बादलीतलं गार पाणी अंगावर घेतल्याचा आवाज आला, आणि त्यांचं "हर हर" कुडकुडत. माझं हसू तिथेच थांबलं.

दुसऱ्या दिवसापासून हेच सुरू झालं. सकाळ-संध्याकाळ सूप. मी करायची, आई उंबऱ्यावरून वास घ्यायच्या, मग भरवायच्या आणि थंडीत गार पाण्याने आंघोळ करायच्या. प्रत्येक नवा डबा कापताना विचारायच्या, "हाही बुधवारचाच का व?" आणि मी म्हणायची, "हो जी, सगळे एकाच दिवसाचे." हे दुसरं वाक्य खरं होतं, तेवढाच आधार.

सोमवारी वजन केलं. उतरलं नव्हतं. पाव किलो वरच होतं. डॉक्टर म्हणाले, "नळीचं नाव आता काढायचं नाही. काय दिलंत?" आईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आईंकडे. परतताना ऑटो पुलावर आला तसे मामाजी म्हणाले, "पूल आला, उतरू का?"

"बसा गुमान," आई म्हणाल्या. पण बाही त्यांनी धरली नव्हती, आणि त्या हसत होत्या. खाली वैनगंगा होती, हवा छान होती, मला वाटलं ऑटो असाच चालत राहावा.

पंधरा दिवसांत मामाजी भात खायला लागले, महिन्याभरात काठी घेऊन वेशीपर्यंत जायला लागले. सगळं सुटलं, फक्त माझा बुधवार सुटला नाही. आईंना देवापुढे हात जोडताना पाहिलं की मला वाटायचं, या बाईचा पन्नास वर्षांचा नेम मी मोडला, तिच्याच हाताने, आणि तिला पत्ता नाही. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे नं, बाबा वाचले." पुरुषांचं बरं असतं. दोनदा मी सांगायला म्हणून त्यांच्यापाशी गेले आणि दोनदा काय भाजी करू असं विचारून परत आले.

नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी नवऱ्याने नवं कॅलेंडर आणलं. मागे सांदवाडीत मामाजींनी आजारानंतर पहिल्यांदा स्वतः चूल पेटवली होती. आई छपरीत कपाट आवरत बसल्या होत्या. जुन्या कॅलेंडरची पानं त्या दरवर्षी फळ्यांवर अंथरतात. मी मुलीकडून पुन्हा मागवलेले दोन डबे घेऊन उभी होते, कुठे ठेवायचे ते विचारायला.

"इथं ठेवू," त्या म्हणाल्या. "औशिधाच्या फळीवर. घरात औशिध ठेवाले कायचा वार." आणि त्यांनी जुन्या कॅलेंडरमधून एक पान काढून त्या फळीवर अंथरलं. मी पाहिलं. तेच पान होतं. तो शनिवार पुढच्या काठाला होता, अगदी डोळ्यांसमोर.

आणि तेव्हा मला एकदम आठवलं. त्या शुक्रवारी मी कॅलेंडरपाशी गेले तेव्हा मला पानं उलटावी लागली नव्हती. तीन महिन्यांपूर्वीचं पान आधीच वर होतं. पार्सल आधीच फोडलेलं होतं. आईंच्या डोळ्यांवर आधीच चष्मा होता.

"आई," मी म्हटलं, "थो वार..."

"शनवार होता. एकादशी बी होती." त्यांनी पानाच्या कडा दोन्ही हातांनी नीट दाबल्या. "मी पोस्टातल्या पोराच्या गाडीचा आवाज जाताबरोबर पाह्यलं."

"मंग मले काहून विचारलं जी?"

आईंनी माझ्या हातातला एक डबा घेतला आणि त्या चौकोनावर ठेवला. मग दुसरा.

"माह्या तोंडून बुधवार निंगाला नसता नं व," त्या म्हणाल्या. "तुह्या तोंडून निंगंल, हे मले ठाऊक होतं."

सहा आठवड्यांचं ओझं पायाशी पडलं होतं आणि मी नुसती उभी होते. आई उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, आणि मागच्या दाराकडे निघाल्या. उंबऱ्याशी पोचण्याआधीच त्यांनी नाक वर केलं.

"लसून जळून राह्यला जी!"